पेन्सिलचे गुण, पेनचे गुण

डॉ. नलिनी चौबळ कुठलाही शोधनिबंध वाचायला घेण्याआधी त्यावरचं लेखकाचं नाव झाकून मागत. झाकायचं काम माझं. ऑफिसात आलेली जुनी खाकी पाकिटं कापून मी बोटभर रुंदीच्या पट्ट्या करायचो आणि प्रत्येक निबंधावर नाव, कॉलेज, गाव अशा तिन्ही ठिकाणी डिंकाने चिकटवायचो. पट्टी जरा तिरकी बसून एखादं अक्षर बाहेर राहिलं, तर बाई तो निबंध परत पाठवत. ‘सामंत, यातला ‘र’ दिसतोय. मला वीस आडनावं सुचली. पुन्हा चिकटवा.’

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बेलापूरच्या एका सरकारी कक्षात सांख्यिकी सहायक होतो. कॉलेजांच्या संशोधन केंद्रांचा दर्जा ठरवण्यासाठी आमच्याकडे तज्ज्ञांच्या समित्या बसत. प्राणिशास्त्राच्या समितीच्या अध्यक्ष चौबळबाई, आणि त्याच समितीचा सचिव मी. पद्धत अशी होती : प्रत्येक केंद्राने आपले सर्वांत चांगले चार निबंध पाठवायचे. पाचही सदस्यांनी ते घरी वाचून (बाकीचे चौघे नाव न झाकताच वाचत) दहापैकी गुण पेन्सिलने चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठ्या बंद पाकिटात माझ्याकडे द्यायच्या. मग बैठकीत चर्चा, आणि चर्चेनंतर पेनने अंतिम गुण. सरासरी पाचाच्या खाली गेली की केंद्राची मान्यता जायची. पेन्सिलचे गुण गोपनीय. ते माझ्याशिवाय कोणी पाहायचे नाहीत आणि मी कोणाला सांगायचे नाहीत.

बाई उंच, सडपातळ, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले. लग्न केलेलं नव्हतं. वाशीला एकट्या राहत. बैठकीत त्यांचा आवाज कधी चढला नाही. एकदा एक सदस्य म्हणाले, ‘निबंध साधारण आहे, पण माणूस फार कष्टाळू आहे हो.’ बाई म्हणाल्या, ‘माझ्या बिल्डिंगचा पंपवालाही कष्टाळू आहे. त्याला किती गुण देऊ?’ दुसऱ्या एका निबंधाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं : ‘बारशाएवढा नमुना आणि लग्नाएवढा निष्कर्ष.’ ते वाक्य त्यांनी मला इतिवृत्तात जसंच्या तसं लिहायला लावलं. संबंधित प्राध्यापकांना प्रत गेली.

केंद्रांना भेट द्यायला गेलो की तिथले लोक शाल, श्रीफळ घेऊन उभे असत. बाई म्हणत, ‘शाल राहू द्या, कच्च्या नोंदींच्या वह्या आणा.’ एका ठिकाणी वह्या आल्या. पाच वर्षांच्या नोंदी, सगळ्या एका शाईत आणि एका हातात. बाईंनी चार पानं उलटली आणि विभागप्रमुखांना विचारलं, ‘हे कधी बसून लिहिलंत? या आठवड्यात की मागच्या?’ पंचावन्न वर्षांचा तो गृहस्थ सगळ्या स्टाफसमोर रडायला लागला. बाई मनगटावरचं घड्याळ पाहत बसल्या. दीड-दोन मिनिटांनी म्हणाल्या, ‘झालं? आता खऱ्या वह्या दाखवा. नसतील तर तसं लिहून द्या.’ त्याने लिहून दिलं.

मला बाई आवडायच्या, हे मी लपवत नाही. आकड्यांशी खेळ करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. आकड्याला घाबरणारं माणूस मी हे एकच पाहिलं. मी दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत सरासरी काढायचो. त्यावरही त्या म्हणत, ‘सामंत, पाच माणसांच्या अंदाजाला तुम्ही सोनाराचा काटा लावताय.’ तरी प्रत्येक बेरीज स्वतः तपासत.

सुभाष म्हात्रे हा त्यांचाच विद्यार्थी. कोपरखैरण्याजवळच्या बोनकोडे गावचा. गावातला पहिला पीएचडी. बाईंनी त्याला सात वर्षं राबवून घेतलं होतं. पहिली दोन वर्षं तर नमुन्यांच्या बाटल्या धुण्यातच गेली, असं तो हसत सांगायचा. पुढे जवळच्याच एका कॉलेजात लागला आणि तिथे त्याने एका खोलीत संशोधन केंद्र उभं केलं. एक तराजू, एक फ्रीज, एक सूक्ष्मदर्शक आणि दोन विद्यार्थी. खाडीच्या चिखलातले किडे आणि खेकडे हा त्याचा विषय. गावातले लोक त्याला डॉक्टर म्हणत, आणि औषध देत नाही म्हणून चिडवतही. त्याच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एका मुलीचा प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला होता. मान्यता गेली तर तिला दुसरीकडे पहिल्यापासून नाव नोंदवावं लागणार होतं.

त्याच्या केंद्राची पाळी आली. नियम असा की सदस्याचा संबंधिताशी काही संबंध असेल, तर त्याने तो जाहीर करून खोलीबाहेर जायचं. बाईंनी मला आधीच कळवलं होतं, म्हणून ते चार निबंध मी त्यांना पाठवलेही नव्हते. त्या उठल्या. ‘म्हात्रे माझा विद्यार्थी आहे,’ एवढंच म्हणाल्या आणि बाहेर शिपायाच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

उरलेल्या चौघांना हे ठाऊक नव्हतं. ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांचे पेन्सिलचे गुण माझ्या पाकिटात होते : चार, पाच, चार, पाच. सरासरी साडेचार.

‘बाईंचा विद्यार्थी?’ एक जण म्हणाला. ‘मग आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं असेल.’

‘सात-सात वर्षं पिळतात त्या एकेकाला. त्यांच्या हाताखालून सुटलेला माणूस कच्चा कसा असेल?’

‘आणि बाई बाहेर बसल्यात,’ तिसऱ्याने दाराकडे मान केली. ‘आत आल्या की विचारतील, कुठे कमी पडला सांगा. कोण सांगणार? तुम्ही सांगणार?’

‘नाही बुवा.’

‘मग टेन्शन कशाला घेता? सात करून टाका. जेवायची वेळ झालीय.’

पेनने गुण आले सात, सात, सहा, सात. सरासरी पावणेसात. मलाही बरं वाटलं. म्हात्रे चांगला मुलगा होता.

संध्याकाळी ऑफिसची जीप बाईंना सोडायला निघाली. मीही कोपरखैरण्याला जायचा, म्हणून बरोबर होतो. सानपाड्याला बाई म्हणाल्या, ‘म्हात्रेला किती?’

अंतिम गुण सांगायला हरकत नव्हती. मी सांगितले.

‘आणि पेन्सिलचे?’

इथे मी ‘सांगता येत नाही’ म्हणायला हवं होतं. एवढं वाक्य मला येत होतं. पण गुण कसे वाढवले गेले हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि ते लक्षात आलं हे बाईंना कळावं असंही वाटत होतं. मी म्हणालो, ‘साडेचार.’

‘किती जणांनी वाढवले?’

‘चौघांनीही.’

वाशीला उतरताना बाई म्हणाल्या, ‘म्हणजे मी खोलीतच होते.’

तिसऱ्या दिवशी त्यांचं पत्र संचालकांच्या टेबलावर आलं. या केंद्राचा निकाल रद्द करावा. परराज्यातल्या तीन तज्ज्ञांकडून, नावं झाकून, निबंध पुन्हा वाचून घ्यावेत. खाली आणखी एक परिच्छेद होता. ‘पेन्सिलचे गुण मी सचिवांना विचारले आणि त्यांनी ते सांगितले. दोघांनीही नियम मोडला आहे. दोघांनाही यापुढे या कामावर नेमू नये.’

नव्या तिघांनी गुण दिले चार, पाच, पाच. तिघांपैकी एकाने एक गुण जास्त दिला असता, तर सरासरी बरोबर पाच झाली असती. तसं झालं नाही. केंद्राची मान्यता गेली. बाई समितीतून गेल्या. माझी बदली त्याच इमारतीत तळमजल्यावर, आवक-जावक विभागात झाली. दिवसभर टपालावर शिक्का मारायचा आणि नंबर टाकायचा.

म्हात्रेचा फेरविचाराचा अर्ज माझ्याच हाताने आवक झाला. तो स्वतः घेऊन आला होता. मी शिक्का मारला तरी तो जाईना. हळूच म्हणाला, ‘सामंतसाहेब, या वेळी नाव झाकलं होतं?’

‘हो. तिन्ही प्रतींवर मीच पट्ट्या लावल्या. ते माझं तिथलं शेवटचं काम.’

‘मग ठीक आहे,’ तो म्हणाला आणि गेला. अर्ज फेटाळला गेला. ती मुलगी दुसऱ्या विद्यापीठात गेली नाही. तिचं लग्न झालं, असं पुढे कळलं.

एका रविवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. चहा येण्याआधीच विचारलं, ‘माझं नाव लिहायची काय गरज होती?’

‘मग काय लिहायचं? कळलं, असं? कुठून कळलं ते न लिहिता विधान करायचं?’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘तुम्हाला वाटलं, तुम्ही मला गुपित दिलंत म्हणून मी तुम्हाला वाचवेन. मी तुमच्याबद्दल तसा समज कधी करून घेतला नव्हता. तुम्हीही करायला नको होता.’

तेवढ्यात बेल वाजली. दारात साठीची एक बाई होती. कासोट्याचं लुगडं, हातात काही नाही, उन्हातून चालत आल्यासारखी.

‘मी सुबासची आय,’ ती म्हणाली. ‘त्याला म्हायत नाय मी आले ती.’

‘बसा,’ बाई म्हणाल्या.

‘बसाला नाय आले. माजा पोऱ्या घरान बोलत नाय. येलेवर जेवत नाय. त्याची खोली तुमी बंद केली. त्याचा काम वायट व्हता का?’

मी मध्ये पडलो. ‘मावशी, एकट्या बाईंनी नाही...’

‘थांबा, सामंत. मला विचारलंय.’ बाई तिच्याकडे वळल्या. ‘वाईट नव्हतं. कमी होतं. पाच गुण लागतात, तेवढं नव्हतं.’

‘मंग त्याला शिकवला कोनी? तुमीच ना?’

‘हो.’

‘सात वर्सां शिकवला. त्याला कमी येते तर त्याचीच खोली का बंद? तुमचा काय बंद झाला?’

बाईंना उत्तर शोधावं लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे. हे पत्रात यायला हवं होतं.’ टेबलाकडे गेल्या, कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. म्हात्रेच्या कामात उणीव असेल, तर ती मार्गदर्शकाचीही आहे. मार्गदर्शक मी होते. माझे आणखी सहा विद्यार्थी संशोधन केंद्रं चालवतात. त्यांना मिळालेले गुणही माझ्या नावाच्या दबावाखाली असण्याचा संभव आहे. त्या सहांचे निबंध नावं झाकून पुन्हा तपासावेत, आणि माझी मार्गदर्शक म्हणून मान्यताही.

‘बाई, या सहा जणांनी काय केलंय?’ मी म्हणालो.

‘म्हात्रेने काय केलं होतं?’

म्हातारीला अर्धंच कळलं होतं. तिने मला विचारलं, ‘मंग माज्या पोऱ्याची खोली उघरनार ना?’

उत्तर बाईंनी दिलं. ‘नाही. त्याची बंदच राहील. बाकीच्यांच्याही बंद होतील, कदाचित.’

‘मी दुसऱ्यांचा वायट कराला आलती का?’ म्हातारी दारातच खाली बसली. ‘बाय, फाडा तो कागुद. मी कायपन बोलले नाय. फाडा.’

‘तुम्ही प्रश्न विचारलात, तो योग्य होता,’ बाई म्हणाल्या. पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं. कागद पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि चप्पल घालून, आम्हा दोघांना तिथेच ठेवून, स्वतः पेटीत टाकून आल्या.

मंगळवारी ते पाकीट माझ्या टेबलावर आलं. अक्षर ओळखीचं होतं. त्या दिवसाच्या गठ्ठ्यात साठ-सत्तर पाकिटं असतील. एक कमी झालं असतं तर कोणाला कळलं नसतं. मी ते तासभर बाजूला ठेवलं. मग शिक्का मारला, नंबर टाकला आणि वर पाठवलं. मी दयेने ते थांबवलं असतं की जीपमध्ये बोललो तसंच काहीतरी पुन्हा केलं असतं, हे मला ठरवता आलं नाही. शिक्का मारणं हे माझं काम होतं.

सहा केंद्रं तपासली. चार टिकली, दोन गेली. बाईंची स्वतःची मान्यता निवृत्तीमुळे आधीच संपलेली होती, म्हणून तो मुद्दा कार्यालयाने एका ओळीत निकाली काढला. बाईंनी त्यावर आणखी दोन पत्रं पाठवली. त्यांना उत्तर गेलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई गेल्या. आजार लहानसा होता, उपचार त्यांनी स्वतःच थांबवले. अंत्यविधीला आम्ही अकरा जण होतो. त्यात त्यांच्या बिल्डिंगमधले सात, भाचा आणि त्याची बायको, मी आणि म्हात्रे. बाकीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी आलं नाही. म्हात्रेने खांदा दिला. अजूनही तो त्याच कॉलेजात आहे, फक्त पदवीचे वर्ग घेतो. बाई बरोबर होत्या का, असं मला कोणी विचारलं तर मी हिशेब सांगू शकतो : तीन केंद्रं गेली, आणि जे गुण उरले त्यांच्यात भीतीचा एकही गुण नाही. ह्यातलं कुठलं जास्त, हे मला काढता येत नाही.

पुढच्या महिन्यात कोपरखैरण्याच्या बाजारात म्हात्रेची आई भेटली. मला तिने लांबूनच ओळखलं.

‘बाय गेली ना?’

‘हो, मावशी.’

‘सुबास रडला. मी नाय रडले, खोटा कशाला सांगू.’ मग जरा जवळ येऊन, आजूबाजूला बघत तिने विचारलं, ‘त्या बाकीच्यांचा काय झाला?’

‘दोघांची केंद्रं बंद झाली.’

तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘त्यांच्या आयांना म्हायत हाय का,’ ती म्हणाली, ‘मी गेलती ती?’