दयारामकाकांचा तेलाचा हात

समुद्रकाठी राहायचं तर लोखंडाला जीव लावू नये. आमच्या मुरूडला खारा वारा खिडकीच्या गजांचे पापुद्रे काढतो, नवी कडी दुसऱ्या पावसात जाम होते. अशा गावात दयारामकाकांची मोटरसायकल अकरा वर्षांची होऊनही चकचकीत होती. "काका, गाडीवर बसता की तिला मालिश करता?" लोक चिडवायचे. "दोन्ही," काका म्हणायचे.

आगरदांड्याच्या जेटीवर, खाडीपलीकडच्या दिघीला जाणाऱ्या लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. त्यांचं मूळ गाव आत, भातशेतीचं. एकोणिसाव्या वर्षी जेटीवर आले, ते तिथलेच झाले. पोहायला मात्र आजही येत नाही. इंजिनाचं दुखणं ते कानाने ओळखतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की निदान तयार. पावसाळ्याआधी बोटी वर ओढल्या की इंजिनांना तेलाचा हात. खंडेनवमीला पाने-पक्कड धुऊनपुसून तेलाचा हात, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. घरात विळीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत तेलाचा हात न लागलेली वस्तू सापडायची नाही. बायको लवकर गेली. मुलीला, प्राप्तीला, त्यांनी एकट्याने वाढवलं. दर रविवारी तिला पुढ्यात बसवून डोक्याला खोबरेल लावायचे. दहावीत गेल्यावर तिनेच ते बंद केलं.

मी सुचिता. मुरूडच्या बाजारात माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा हात चांगला आहे, हे मी स्वतः सांगते, कारण माझ्या जिभेबद्दल बाकीचे सांगतातच.

प्राप्तीचा गेमिंग कंप्युटर मीच जुळवून दिला होता. पोरगी खेळायची झकास. वेगवेगळ्या गावांतल्या पाच मुलींचा संघ होता आणि पुण्याचा एक क्लब त्यांचा खेळ बघून निवड करणार होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी चारला सामना. आदल्या दिवशी, शनिवारी, ती आणि दयारामकाका कंप्युटर घेऊन दुकानात आले. काकांनी कंप्युटरचा डबा पोटाशी धरला होता, पाटावरचा गणपती आणावा तसा.

"ताई, वीस मिनिटं खेळलं की धाडकन बंद पडतो," प्राप्ती म्हणाली. "दहा मिनिटांनी परत चालू होतो. उद्या मॅच आहे. प्लीज काहीतरी करा."

वीस मिनिटं, मग बंद, थंड झाला की चालू. आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. शिकाऊ पोरालाही कळेल की यंत्र तापतंय. पण आमच्याकडे विजेचा दाब कधी चढतो, कधी उतरतो, आणि दहातले सात कंप्युटर पॉवर सप्लाय गेल्यानेच बंद पडतात. शिवाय संध्याकाळी मला मावसबहिणीच्या हळदीला जायचं होतं. साडी इस्त्रीला दिलेली, डोकं निम्मं तिकडेच.

मी बाजूचं झाकण काढलं तेव्हा आतून वास आला. खवट खोबरेलाचा. मी नाक मुरडलं, ब्लोअरने दोन फुंकरा मारल्या, सप्लाय बदलायचं ठरवलं आणि एकदा कंप्युटर चालू करून बघितला. वास कुठून येतो, हे बघितलं नाही.

दयारामकाकांनी माझ्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, चालू कंप्युटरच्या पत्र्याला टोक लावलं आणि मूठ कानाला.

"ताई, पंखा फिरतोय, पन वारा आत जात न्हाय," ते म्हणाले. "आमच्या इंजिनाची जाळी बुजली की पानी घेत न्हाय आन् इंजिन तापतं. तसंच वाटतंय. पंखा खोलून बघा की जरा."

"काका, ही लाँच नाही," मी हसून म्हटलं. "दिघीला जायचं असलं की तुम्हाला विचारीन."

प्राप्ती हसली. काकाही हसले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर होता तिथे ठेवला. मी नवा सप्लाय बसवला, पाच मिनिटं चालवून दाखवला आणि हळदीला गेले.

रविवारी शेवटच्या फेरीत प्राप्तीचा पडदा काळा झाला. कंप्युटर परत चालू होईपर्यंत बाकीच्या चौघी हरल्या होत्या. क्लबने चौघींना घेतलं आणि पाचवी दुसरीकडून आणली.

सोमवारी ती दोघं परत आली. प्राप्तीचे डोळे सुजलेले. आता मी सगळं खोललं. बैल गेला नि झोपा केला! प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर खाली धातूच्या पातळ पट्ट्या असतात, ज्यांतून वारा जाऊन उष्णता बाहेर पडते, त्या दिसेचनात. धूळ, केस, कापडाचे तंतू, सगळं तेलात भिजून चामड्यासारखं चिकटून बसलं होतं. दयारामकाकांनी शनिवारी सांगितलं होतं तस्संच. जाळी बुजली होती.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की प्राप्ती, हे मी परवाच बघायला हवं होतं. वासही आला होता मला. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कोणत्या शहाण्याने यात तेल ओतलंय?" मी ओरडले. "असल्याला मी काय, ब्रह्मदेव आला तरी काय करणार?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तीही वळून बघायला लागली.

"मी लावलंय," दयारामकाका म्हणाले. "खंडेनवमीला. पूजेला घेतलं तवा. खाऱ्या वाऱ्यानं पट्ट्या गंजतील म्हनून कोंबडीच्या पिसानं हलका हात दिला. मशीनचं तेल न्हाय हो, खोबरेल. पोरीचं हाय म्हनून."

प्राप्तीने बापाकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पप्पा, यापुढे माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू नका."

काकांनी मान हलवली. "शनिवारी मी सांगितलं व्हतं की" एवढं एक वाक्य त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी उच्चारलं नाही. मीही उच्चारलं नाही. पट्ट्या घासून लख्ख केल्या, पैसे घेतले नाहीत आणि त्या मोठेपणावर खूश होऊन रात्री शांत झोपले.

मे महिन्यात प्राप्ती पुण्याला नोकरीला गेली. कंप्युटरचं खोकं तिने स्वतः गाडीत चढवलं. काका दोन हात लांब उभे होते. ती गणपतीलाही आली नाही. आमच्याकडे मुंबईचा माणूस नोकरी सोडेल पण गणपतीला येईल, तिथे पुण्याची पोरगी आली नाही, म्हणजे काय ते गाव समजलं.

विसर्जनानंतर मी आगरदांड्याला गेले. काका जेटीवर एका इंजिनापाशी बसले होते. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. "काका, चूक माझी होती. शनिवारी मला तेलाचा वास आला होता. तुम्ही सांगितलंतही. मी पंखा खोलून बघितला नाही, आणि सोमवारी सगळं तुमच्यावर ढकललं."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "शनवारी तुमी नाक मुरडलंत, तवाच बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

ते फडक्याला हात पुसत राहिले. "तेल तर मीच लावलंवतं न्हवं? आन् मशीन बिघडलं की पोरीनं जायचं कुनाकडं, ताई? तुमच्याकडंच ना. तुमच्यावरचा इस्वास गेला असता तर तिचं कसं व्हायचं? बापाचं काय, बापावरचा राग जातोय."

गेला का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांची मोटरसायकल शेडबाहेर उभी होती. एका पावसाळ्यात तिचा सायलेन्सर तपकिरी झाला होता, साखळीवर गंजाची पूड, ब्रेकची तार फुगलेली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हल्ली हात देत न्हाय कशाला," ते म्हणाले. "इंजिनांना देतो, ते धंद्याचं."

घरी येऊन मी प्राप्तीला फोन लावला. शनिवारचा वास, काकांचा स्क्रूड्रायव्हर, माझं हसणं, सगळं सांगितलं. सात महिने उशिरा. तिने मला शिव्या द्याव्यात म्हणून मी थांबले.

"हसले तर मी पण होते, ताई," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पप्पांची गाडी कशी आहे?"

"गंजलीय," मी म्हटलं.