माल्ट्यातली शोकसभा

बसा जी, उभे काहून? चहा येऊन राहिला. माल्ट्याचं विचारता ना? खरं तं मी कोणालेच सांगणार नव्हतो. पण वैशालीनं तिच्या मावशीले सांगितलं, मावशीनं अख्ख्या शहापुरात केलं. आता तुम्ही चार तोंडांतून फिरलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. हसायचं तं हसा. मी तिथं कोणाच्या मयतीत घुसलो, आन् काय करून बसलो, ते सांगतो.

तुम्हाले मालूम आहे, माझं कृषी केंद्र आहे. खत, बियाणं, फवारणीचं औषध. पण गावात माझी खरी ओळख घाटावरची. आपल्याकडं सरण पेटलं का तिथंच शोकसभा होते. लोक खाली बसतात, एक जण उठून अध्यक्षाचं नाव सुचवते, दोन-चार जण गेलेल्या माणसावर बोलतात, शेवटी दोन मिनिटं मौन. त्या दोन-चारांत मी असतोच. ज्याचं धड नावही मालूम नाही, त्याच्यावर मी दहा मिनिटं बोललो आहे, आन् लोकांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आहेत. बोलणं थांबवा म्हणून कुर्ता ओढावा लागते माझा.

मग मागच्या वर्षी निर्मला गेली. माझी बायको. सरण पेटलं, लोक बसले, आन् सरपंच म्हणाले, भाऊ, दोन शब्द बोला. उभा राहिलो. तोंड उघडलं. काहीच निघालं नाही जी. एक शब्द नाही. तसाच खाली बसलो.

वैशाली आमची एकुलती एक. तिकडं युरोपात, माल्टा देशात दवाखान्यात नर्स आहे. तिले वेळेवर येता आलं नाही. पुतण्यानं मोबाइल धरला होता, त्यात तिनं आईची सारी मयत पाहिली. बाप उभा राहिला आन् तसाच बसला, हेही पाहिलं. त्यावर ती कधी बोलली नाही, मीही नाही. रोज फोन यायचा. जेवले का, गोळी घेतली का, बस. तेवढं एक आमच्या दोघांत अडकून राहिलं होतं.

यंदा धान निघाल्यावर तिनं मले तिकडं बोलावून घेतलं. तिले एक दिवसाची सुट्टी मिळाली, तं म्हणे, बाबा, इथं जगभरचे सिनेमे न् सिरियली बनतात, त्या जागा दाखवायची एक बस असते, चला.

गेलो. आता बसमधला तो माणूस काय दाखवे, ऐका. एक दरवाजा दाखवला. म्हणे, हे एका सिनेमात रोम आहे. अर्ध्या तासानं त्याच दरवाजाच्या मागच्या बाजूले नेलं. म्हणे, हे दुसऱ्या सिनेमात जेरुसलेम. एक गल्ली इजिप्त म्हणून खपवलेली. मग समुद्राच्या काठावर एक भलंमोठं टाकं दाखवलं, यात म्हणे जहाजांच्या लढाया होतात. भंडाऱ्याचा माणूस टाकं पाहून हरखते काय? आपल्याकडं पावलागणिक तलाव. लोक फोटो काढून राहिले होते, आन् माझं डोकं तापून राहिलं होतं. वैशालीले म्हटलं, एवढे पैसे भरून खोटं पाहायले आलो का आपण? तोंड उतरलं तिचं. सुट्टी तिची होती ना.

शेवटी एका जुन्या किल्ल्यापाशी बस थांबली. वैशाली पाण्याची बाटली आणायले गेली. मी किल्ल्याच्या कडेकडेनं चालत गेलो, आन् वळणावर पाहतो तं मयत!

काळ्या कपड्यांतली वीस-पंचवीस माणसं. मधात लाकडी पेटी. समोर एका बाईचा फोटो. माझे पाय तिथंच थांबले. म्हटलं, घ्या, दिवसभरात एक गोष्ट खरी दिसली.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा नाही दिसला काय? दिसला ना! चांगला दिसला. पण आपल्याकडं बी आता मयतीचं शूटिंग करतातच. माझ्या मनात काय आलं असंल? या बाईची पोरगी असंल कुठं तरी परदेशात. हे आलं, आन् मग मी मागं फिरणं शक्यच नव्हतं.

आपली रीत तुम्हाले मालूम आहे. रस्त्यात मयत दिसली का ओळख असो नसो, चार पावलं जायचं, खांदा द्यायचा. मी पुढं झालो. एक पोरगी हातात वायरलेस घेऊन धावत आली. इंग्रजीत काही तरी विचारलं. मी हात जोडले. तिनं माझ्याकडं वरून खाली पाहिलं. अंगात पांढरा कुर्ता, काळी बंडी, डोक्यावर टोपी. मान हलवून तिनं मले गर्दीत उभं केलं. मागून एक बाई आली, आन् माझ्या कपाळाले, गालाले कापसाच्या बोळ्यानं भुकटी लावून गेली. मी म्हटलं, आपल्याकडं गुलाल, तं यांच्याकडं हे. मान खाली करून लावून घेतली.

कोणी तरी ओरडलं, आन् मयत निघाली. पुढं डाव्या बाजूले एक म्हातारा होता, दमलेला दिसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आन् खांदा बदलला. तो माझ्याकडं पाहतच राहिला. मी डोळ्यानंच सांगितलं, राहू द्या, तुम्ही चाला.

पेटी लई हलकी होती जी. म्हटलं, बाईनं लई दुखणं काढलं असंल. निर्मला बी शेवटी अशीच झाली होती. तिची तिरडी उचलली तेव्हा मले वजनच लागलं नव्हतं.

समुद्राच्या काठावर पेटी ठेवली. पादरी दोन ओळी बोलला आन् चूप झाला. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एकही माणूस पुढं होईना. बाई जन्मभर राबली असंल, आन् तिच्यावर बोलायले एक माणूस नाही? माझ्यानं राहवलं नाही. टोपी नीट केली आन् पेटीजवळ जाऊन उभा झालो.

"जमलेल्या शोकाकुल बंधूंनो आन् मायबहिणींनो," मी सुरुवात केली.

भाषा त्यांना समजत नाही, हे मले समजत होतं. पण घाटावर बोलणारा थांबत नाही. अध्यक्ष म्हणून पादऱ्याचं नाव सुचवलं. म्हटलं, या माऊलीचं नाव मले मालूम नाही, पण हिच्यासारख्या माऊलीचं घर मी पाहिलं आहे. पहाटे उठणारी, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलातून येऊन चुलीपुढं बसणारी. हे म्हणता म्हणता काय झालं सांगू? माझ्या तोंडून नाव निघालं. निर्मला. आन् मग जे वर्षभर गळ्यात अडकलं होतं, ते सारंच बाहेर आलं. दवाखान्यात ती मले कशी म्हणे, दुकान बंद ठेवू नका, ते सांगितलं. तिनं कधी काही मागितलं नाही, हे सांगितलं. तिले फिरायची हौस नव्हती, घर भलं न् ती भली, हे बी सांगितलं. रडलो जी. लहान लेकरासारखा रडलो. समोरच्या काळ्या कपड्यांतल्या बाया बी डोळे पुसून राहिल्या होत्या. मग मी म्हटलं, दोन मिनिटं मौन, आन् मान खाली घातली. साऱ्यांनीच घातली.

मान वर केली तं गर्दीच्या मागं वैशाली उभी होती. हातात पाण्याची बाटली, आन् डोळ्यांतून धारा.

तेवढ्यात एक दाढीवाला, कानाले यंत्र लावलेला, तरातरा चालत आला. त्याच्या मागं एक बाई, हातात कागदाचा कप, कॉफी पिऊन राहिलेली. मी तिच्याकडं पाहिलं. फोटोकडं पाहिलं. पुन्हा तिच्याकडं पाहिलं. तीच बाई!

वैशालीनं माझा हात धरला. हळूच म्हणाली, "बाबा, हे शूटिंग आहे. पेटीत कोणीच नाही."

भुई फाटून पोटात घेईल तं बरं, असं झालं मले. दाढीवाला डायरेक्टर होता. माझ्यामुळं त्याचा सीन वाया गेला होता, आन् ऊन उतरून राहिलं होतं. मले वाटलं, आता पोलीस बोलावते. वैशालीची नोकरी डोळ्यापुढं आली. पण तो रागावला नाही. मी काय बोललो, ते त्याले समजून घ्यायचं होतं.

वैशाली सांगू लागली. एक एक वाक्य इंग्रजीत. सारे गोल करून उभे. पहाटेचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं. आन् मधातच थांबली. मले वाटलं, गळा भरून आला पोरीचा.

"बाबा, हे फिरायचं वाक्य मी सांगत नाही," ती म्हणाली. "आईले लई हौस होती. समुद्र पाहायचा होता तिले. दर दिवाळीले तुम्हाले म्हणत होती. तुम्हीच सीझन आहे, सीझन आहे करत राहिले."

दाढीवाला म्हणे, काय झालं, काहून थांबली? वैशालीनं खरं ते सांगून टाकलं. ती कपवाली बाई पुढं आली, मले बोट दाखवून ठसक्यात काही तरी बोलली. मी वैशालीकडं पाहिलं.

"ती म्हणते," वैशाली म्हणाली, "बाई मेली म्हणजे काहीही बोलायचं काय?"

इतक्या वर्षांत इतक्या मयती केल्या जी, पण मयतानं उभं राहून माझं भाषण दुरुस्त केलं असं कधी झालं नव्हतं. मी टोपी काढली, त्या बाईपुढं हात जोडले, आन् म्हटलं, "चुकलो."

पस्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी एकदाही बोललो नव्हतो. बोललो तं एका परक्या बाईले, तोंडाले पावडर लावून.