पाठीला जुळला आठ

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत आमच्या गावच्या दंडारीचा खेळ उभा राहायचा. नाचणारे-गाणारे आम्ही सगळे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारे, पावसाळ्यात धानाच्या बांधीत राबणारे. गाणी मात्र मी रचायचो, म्हणून दोन बोटं वर चालायचो. त्या वर्षी मी लिहिलं :

काल ऊन खात होती पाठ,
आज दारात जीपा आठ!

पाहायला जमलेल्या लोकांनी हे कडवं तीनदा म्हणायला लावलं. जीप आम्ही फक्त जंगलच्या ठेकेदाराची पाहिलेली, तीही मागून, धुळीतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे दंडारीचे कपडे शिवणारा शिंपी घरी आला. त्याला सगळे मास्टर म्हणत. आत येऊन त्यानं आधी दार लोटलं.

"शायर, आठच काऊन? सात काऊन नाई?"

मला कळेना. मग त्यानं हवेतच चिठ्ठी फाडून दाखवली, तेव्हा उजेड पडला. सट्टापट्टी, चिठ्ठीवर आकडा लावायचा जुगार! पट्टी घेणाऱ्यानं मला आकडा फोडला आणि मी तो गाण्यात लपवला, असा त्याचा पक्का संशय.

"मास्टर, मले काई मालूम नाई."

"मालूम असणारा असाच म्हणते."

'पाठ'ला यमक 'आठ', एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला आतल्या गोटातला समजत होतं. मी मिशीतल्या मिशीत हसलो. मिशी तेव्हा नीट फुटलीही नव्हती. संध्याकाळपर्यंत तर मलाच शंका यायला लागली, की आठ आपल्याला उगाच नसेल सुचला.

मास्टरकडे हातानं चाक फिरवायची मशीन होती. पायमशीनसाठी साठवलेलं सगळं त्यानं आठावर लावलं.

तीन आला.

आठवडाभर तो आमच्या घराकडे फिरकला नाही. शेवटी मीच त्याच्या दुकानात गेलो.

"आमाले फसवाचे पट्टीवाल्यानं तुले किती देल्ले?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कोणी काई नाई देल्लं, मास्टर. आधी पाठ सुचली, मंग आठ जुळला. साठ बसला असता तं साठ जीपा टाकल्या असत्या."

चाक थांबलं.

"म्हंजे आत काईच नोतं?"

"नाई."

"तू चोर असता तं बरं होतं, शायर," तो म्हणाला. "चोराले निदान काई तरी मालूम असते."