डाव्या कुशीवर

भूतबित, आत्माबित यावर माझा काडीचाही विश्वास नाही. रोज माणसांची पोटं आरपार बघते, त्यामुळे असेल... वाशिमला एका खासगी सेंटरमध्ये मी सीटी स्कॅन टेक्निशियन आहे. घरी सांगितलं तर हसतात, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या मशीनमधला आवाज माझाच आहे. मूळच्या हिंदी सूचनेने बायाबापड्या गोंधळायच्या — मग मी आपल्या बोलीत रेकॉर्ड केली. "दम घ्या... तसाच धरा... आता सोडा." एवढंच.

मागच्या वर्षी अनसिंगच्या शांतामावशी आल्या. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमोही संपलेली. पण रक्ताच्या तपासणीत पुन्हा गडबड दिसत होती. पोटाच्या आतल्या अस्तरावर रोग पसरलाय का, ते बघायचं होतं.

"हा रिपोर्ट चांगला आला का मी सुटली वं," मावशी म्हणाल्या. "मंग घरी गेली का कोनाची सुई टोचून घेत नाई."

भर दुपार होती. उताणं झोपवून स्कॅन झाला. डॉक्टर माझ्या शेजारीच बसलेले. "अस्तर तर स्वच्छ दिसतंय," म्हणाले. मी उठणार, तेवढ्यात काचेपलीकडे मावशी आपणहून डाव्या कुशीवर वळल्या आणि श्वास धरून पडून राहिल्या. मी वैतागलेच.

"रक्ताच्या रिपोर्टमुळे शंका आहेच. वळल्याच आहेत तर एक फेरा घेऊन टाक," डॉक्टर म्हणाले.

घेतला. आतडी डावीकडे सरकली होती... आणि उजवीकडच्या अस्तरावर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठी. मघाशी आतड्यांच्या आड गेलेल्या.

नंतर विचारलं, "मावशी, वळल्या काहून?"

"तूच तं सांगतलं ना, डाव्या कुशीवर व्हा, दम धरा म्हनून."

"मी नाई बोलली."

"बहिरी हाव काय मी? तुहाच आवाज होता."

आतल्या खोलीत बोलायच्या माइकचं बटण मी दाबलंच नव्हतं. मशीनमधलं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, त्यात असं वाक्य नाही. डॉक्टरांनीही काही ऐकलं नव्हतं. गाठीचा तुकडा काढून तपासला, तर कॅन्सरच निघाला. मावशी रडल्या, माझ्याशी भांडल्या, पण केमोला गेल्या.

केमो संपल्यावर परवा पुन्हा आल्या. या वेळी डॉक्टरांनी मुद्दाम उताणं आणि डाव्या कुशीवर, दोन्ही तऱ्हेने स्कॅन करायला लावला; कुशीवर मीच आत जाऊन हाताने वळवलं. टेबलावरून उतरल्या त्या खुशीतच, आणि रिपोर्टची वाट न बघता एसटी पकडायला निघूनही गेल्या. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी रिपोर्ट आला — साफ. लगेच फोन केला.

"मले ठाऊक हाये," मावशी म्हणाल्या. "आज तुहा आवाज दम धरा, दम सोडा याच्यावर काईच बोलला नाई ना."

फोन ठेवून मी रडले, आनंदानेच. पण त्या दिवशी माझ्या आवाजात बोललं कोण, ते मला आजही सांगता येत नाही.