उलट्या गिअरची खुंटी

मेस्त्री गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन डिचोलीहून आला, तेव्हा मी अंगणात काजू वाळत घालत होतो. सूप खाली ठेवलं आणि आधी आठवला तो माझा भेकडपणा...

यशवंत मेस्त्री मूळचे गडहिंग्लजकडचे. डिचोलीत खाणीचे ट्रक दुरुस्त करायचे. पेडण्यातल्या चोपडे गावी माझ्या होडीत त्यांनी भंगारातलं ट्रकचं इंजिन बसवलं, गिअरबॉक्ससकट. "ट्रकात गिअरबॉक्स नुसती चाकं फिरवतोय. हितं पाण्यातला पंखा अख्खी होडी रेटणार, तो रेटा ह्याच्या छाताडावर येणार," म्हणत त्यांनी मध्ये ट्रकच्या चाकाचं बेरिंग घातलं, होडीच्या लाकडाला आवळून. रेटा त्यानं झेलायचा. पण ते एकाच बाजूचा रेटा झेलणारं. उलटा गिअर टाकला तर पंख्याचा दांडा सुटून मागे जाणार. दुसरं बेरिंग मिळेपर्यंत त्यांनी उलट्या गिअरच्या खाचेत लाकडी खुंटी ठोकली. "ही काढायची न्हाई. कायबी हूं दे."

त्याच आठवड्यात गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी, फेरीबोट बंद. आणि माझ्या बायकोला, सुमतीला, कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "पोर आडवां आसा. शिवोलीक डॉक्टरणीकडे व्हर, बेगीन!" शिवोली नदीपलीकडे; सुमतीला होडीत निजवलं, होडीच्या कामाला आलेले मेस्त्री इंजिनापाशी जाऊन बसले.

नदीच्या मध्यावर ओहोटीनं आम्हाला ओढलं. पलीकडच्या धक्क्याला बांधलेली फेरीबोट अंगावर येऊ लागली. मेस्त्री ओरडले, "इंजिन बंद करा, बांबू घ्या!" मला सुमतीचा पांढराफटक चेहरा तेवढा दिसत होता. मी खुंटी उपटली, उलटा गिअर टाकला. दांडा सुटला, तो ज्यातून बाहेर जातो त्या तळाच्या भोकातून पाणी उसळलं. मेस्त्रींनी तो फिरता दांडा दोन्ही हातांनी पकडून भोकात दाबून धरला. मी बांबूनं होडी काठाला लावेपर्यंत सोडला नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. डॉक्टरणीकडे तासाभरात मुलगी झाली, मायलेकी वाचल्या.

काठावर लोक विचारू लागले. मी तोंड उघडण्याआधीच मेस्त्री म्हणाले, "माझ्या कामात खोट ऱ्हायली." मी गप्प बसलो. पेडण्यात पुन्हा कुणी त्यांना होडीचं काम दिलं नाही. चतुर्थीला मात्र यायचे, मुलीच्या डोक्यावर तोच हात ठेवायचे. एकदा मी विषय काढला. "पोरगी हाय न्हवं? मग झालं तर."

खुंटी त्या दिवशी माझ्या मुठीतच राहिली होती. इतकी वर्षं कपाटात होती. परवा मुलीला दाखवली, सगळं सांगितलं. तिनं खुंटी हातात घेतली आणि म्हणाली, "मेस्त्रीकाकांच्या मुलाला कधी सांगणार?"

हे लिहिलेलं छापून येण्याआधी डिचोलीला त्याच्याकडे जाणार आहे. खुंटी पिशवीत ठेवली आहे.