पाळकीणबाई राहायला आल्या

धाकटा भाऊ गेला आणि आईने बोलणंच सोडलं. दिवसभर ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून असायची. लोक यायचे, दारातूनच धीर देऊन जायचे. नाताळच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या पाळकीणबाई कपड्यांची पिशवी घेऊनच आल्या. "मी राहायला आलेय," म्हणाल्या आणि आईशेजारी फरशीवर बसल्या. उपदेश केला नाही. आई रडली की त्याही रडायच्या.

त्यांच्याकडे पाहताना वाटलं, देवालाही वरून नुसता निरोप पाठवता आला असता. पण तो भुकेने रडणारं, थंडीत कुडकुडणारं बाळ होऊन माणसांत राहायला आला. आमचं दुःख त्याला आमच्याजवळ बसून सोसायचं असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईने पाळकीणबाईंचा हात धरला आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्ही जेवलात का?"