इंदूबाईंचा कापसाचा डबा

इंदूबाई गेल्या हे मला दौंडच्या एसटी स्टँडवर कळलं. केंदूरचे एक आप्पा शिरूरच्या गाडीतून उतरत होते, ओळखीचे. भाजीची पाटी खाली ठेवत म्हणाले, "तुमच्याकडं त्या नर्सबाई हुत्या न्हवं, त्या गेल्या. पटकीनंच. लोकांना टोचत फिरत हुत्या, आन् सोता..." या गोष्टीला सहा आठवडे झाले. एरवी मी तासाभरात पत्रक लिहून मोकळी होते. हे लिहायला सहा आठवडे लागले, कारण मध्ये माझंच एक पत्रक आडवं येतं. ते सांगितल्याशिवाय बाईंबद्दल लिहिणं खोटं होईल. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाईंचं नाव लिवा. माजं नको, गावाचंबी नको."

बाई आमच्या गावात नऊ वर्षं होत्या. पायात झिजलेल्या वहाणा, खांद्याला पिशवी, आणि कासुर्डीपासून इकडच्या सगळ्या वस्त्या पायी. वहिनीची चारही बाळंतपणं त्यांच्याच हातची. चौथ्याला रक्त थांबेना, तेव्हा बैलगाडीत वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन त्या दौंडपर्यंत आल्या. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या भावाला सरळ सांगितलं, आता पुन्हा दिवस गेले तर ही राहणार नाही. बाईंनी ऑपरेशनच्या शिबिरात वहिनीचं नाव घातलं. शिबिर महिन्यावर आलं आणि कॉलऱ्याची साथ आली. देशोदेशी फिरत आलेली ही पटकी आमच्या ओढ्याकाठच्या विहिरींपर्यंत पोचली. वरून हुकूम निघाला : शिबिर रद्द, कुटुंबनियोजनाचं कपाट बंद, उरलेला माल परत, सगळ्या नर्सेस टोचणीच्या कामाला. टोचणी हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण पटकीनं माणूस मेलं तर ते साथीच्या यादीत जातं. कपाटाला कुलूप घातलं म्हणून बाळंतपणात मेलेली बाई कुठल्या यादीत घालायची? हे हुकूम काढणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

टोचणी शाळेच्या ओसरीवर चाले. आमच्या युवक मंडळाची मी कार्यकर्ती, हातात नावांची वही घेऊन उभी. पुरुषांची रांग तासात संपायची, बायकांची दुपारपर्यंत रेंगाळायची. बाई एकेकीचा दंड धरून हळू आवाजात काहीतरी विचारत बसायच्या, आणि दर खेपेला सात-आठ जणींना चक्कर यायची. बाई त्यांना आतल्या खोलीत बसवायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. दुसऱ्या फेरीला पुन्हा त्याच बायांना चक्कर. त्यात वहिनीही, जी दोन हंडे एकावर एक घेऊन विहिरीची चढण चढते ती. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई वन्सं, जरा गरगरतंय." मागच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. त्या हसण्याचा मला फार राग आला. आपल्या हालांवर हसतात या बाया, असं वाटलं. त्याच आठवड्यात मी पत्रकाची स्टेन्सिल कापली. 'बायांना चक्कर येईपर्यंत तिष्ठत ठेवणाऱ्या नर्सची बदली करा.' पत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं, कचेरीत गेलं. पंधरा दिवसांत बाईंची बदली शिरूरकडच्या गावात झाली. मंडळाच्या बैठकीत आम्ही तो विजय म्हणून मांडला.

पुढं दीड महिन्यानं बाजारच्या दिवशी बाईंनी मला दौंडच्या स्टँडवर हाक मारली. आता बोलणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला. "कापूस हाय. वहिनीच्या हातात द्या ताई, मधी कुनाला उघडू दिऊ नका."

"कापूस गावात मिळतो," मी म्हणाले.

"असला न्हाई मिळत." मग गाडीची पायरी चढताना मागं वळून म्हणाल्या, "पत्रक वाचलं तुमचं. अक्षर चांगलं हाय."

त्यांचं-माझं ते शेवटचं बोलणं.

घरी वहिनीनं कापूस उचलला. खाली निरोधची पाकिटं होती. डबा मांडीवर घेऊन ती चुलीपाशी बसली. "चक्कर कुनाला येत न्हवती वन्सं. कपाट बंद झालं तवा बाईंनी थोडी परत धाडलीच न्हाईत, कापसाखाली ठिवली. चक्कर आली म्हनलं की आत बोलवायच्या आन् द्यायच्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमचं लगीन झालंय का?"

एवढंच कारण. बिनलग्नाच्या पोरीसमोर ही गोष्ट काढायची नाही, हे सगळ्या रांगेला माहीत होतं. आणि मी त्या रांगेच्या वतीनं पत्रक काढत होते. बाईंची बदली झाल्यापासून दादा ओसरीवर झोपत होता. मला वाटलं, उकाड्यानं. वहिनीनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं पाळीच्या दिवसांच्या रेघा ओढल्या होत्या, त्या मी सारवण खराब झालं म्हणून पुसायला निघाले होते.

पत्रक मागं घ्यायचं ठरवलं, पण कारण लिहिलं असतं तर चक्कर आलेल्या सगळ्या बाया उघड्या पडल्या असत्या. म्हणून शिरूरला जाऊन तोंडावर माफी मागायची ठरवली. आधी परीक्षा, मग मंडळाचा मोर्चा... आणि मग आप्पांची ती पाटी.

बातमी सांगितली त्या संध्याकाळी वहिनीनं डबा उघडून बघितला. तीन पाकिटं उरली होती. "आता कोन देनार?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी दौंडला दवाखान्यात गेले. कंपाउंडरनं माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं.

"लग्न झालंय का?"

"नाही. पाकिटं द्या."

बाकावर बसलेले पुरुष बघत राहिले. तो आत गेला, बराच वेळ आला नाही. मी हलले नाही. शेवटी त्यानं दिली. पुढच्या महिन्यातही दिली, मान वर न करता.

डबा वस्त्यांवर माझ्याबरोबर फिरतो. बाया मला बघून म्हणतात, "ताई, चक्कर येतीया," आणि माझ्यासमोर हसतात. पाकिटांवरचा कापूस काढून टाकावा, यात लपवायचं काय, असं मला अजूनही वाटतं. वहिनीला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं." राहू दिला आहे. बाईंनी घातलेलाच कापूस आहे तो. जरा पिवळा पडलाय.